दोन मीटरची वायर, अकरा मीटरचा वळसा

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. हॉल १८ बाय ११ फूट. ११ फुटांच्या भिंतीला टीव्ही, हॉलच्या मध्यावर सोफा आणि सोफ्याच्या पाठीमागे जेवणाचं टेबल. दिवाळीत ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसिव्हर आणि त्याच्या जोडीला सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा स्पीकर, घेतला. सब टीव्ही युनिटच्या शेजारी ठेवला होता, पण तिथे दोन अडचणी झाल्या. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ झोपतं. शिवाय सोफ्यावर बसलं की बेस जवळजवळ ऐकूच येत नाही आणि स्वयंपाकघराच्या दारात मात्र भांडी थरथरतात. मुलाने सब उचलून सोफ्यामागे भिंतीलगत ठेवून पाहिला. सोबत आलेली वायर २ मीटरची, म्हणून जुन्या व्हीसीडी प्लेयरच्या लाल-पांढऱ्या वायरी एकीला एक जोडून तिथपर्यंत नेल्या आणि सबचा प्लग सोफ्याजवळच्या बोर्डात लावला. बेस छान आला, पण सतत 'घूंऽऽ' असा आवाज येतो, सिनेमा थांबवला तरी. दुकानदार म्हणतो, ५ मीटरच्या वर सिग्नल पडतो, ४,५०० रुपयांची खास केबल घ्या नाहीतर वायरलेस किट घ्या. धाकटे दीर म्हणतात, सबच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जाईल. मी सुतळी लावून मोजलं तर भिंतीकडेने, दाराच्या चौकटीवरून ११ मीटर भरतं. एवढ्या लांब वायरने आवाज कमी होईल का, उशिरा येईल का? आणि सब सोफ्यामागे गेल्यापासून सासूबाई त्यावर पितळी फुलदाणी ठेवतात, ते चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सुतळी लावून मोजलंत हे फार बरं केलंत. लोक टीव्हीपासून सोफ्यापर्यंत नजरेने अंतर मापतात, ५ मीटरची वायर आणतात आणि मग ती दारातून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशी ताणून बसवतात. पुढे कधीतरी फरशी पुसताना झटका बसतो, पिन उपटली जाते आणि 'सब बिघडला' म्हणून मला पत्र येतं.

पण आधी दिरांच्या सल्ल्याचं बघू, कारण बाकी सगळं चुकलं तर आवाज बिघडेल, हे चुकलं तर माणूस जाईल. अर्थिंगची पिन काढू नका. ती काढली की 'घूं' बहुतेक वेळा खरंच थांबतो, आणि म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे. सबच्या पोटात चांगला दांडगा अॅम्प्लिफायर असतो आणि मागे धातूचा पत्रा. आत कुठे फेज त्या पत्र्याला टेकला तर त्या जाड पिनेतून करंट जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा ट्रिप स्विच उडतो. पिन नसली तर काहीच उडत नाही, पत्रा तसाच जिवंत राहतो. मग तो करंट तुमच्या ऑडिओच्या वायरीत मधल्या तारेभोवती असते त्या जाळीतून रिसिव्हरपर्यंत जातो आणि टीव्हीमागची धूळ पुसायला कोणी हात घातला की त्या हातातून जमीन शोधतो. दुरुस्तीच्या टेबलावर अशा पिन तोडलेल्या मशीन माझ्याकडे पुष्कळ आल्या. पहिलं काम मी प्लग बदलायचं करत असे, आवाजाचं नंतर.

दिरांच्या सल्ल्यातून एक गोष्ट मात्र मला आयती कळली. तुमच्या सबला तीन पिनांचा प्लग आहे. म्हणजे 'घूं' कुठून येतो याचा अंदाज इथे बसूनही करता येतो.

रोग असा आहे. सबला सोफ्याजवळच्या बोर्डातून अर्थिंग मिळतं. रिसिव्हरला दुसरीकडून मिळतं, आणि ते दुसरीकडचं बरेचदा त्याच्या स्वतःच्या प्लगमधून नसतंच. कित्येक रिसिव्हरांना दोनच पिना असतात. ते येतं टीव्हीच्या केबलवाल्याच्या काळ्या वायरीतून. जिन्यात किंवा गच्चीवर त्याचा अॅम्प्लिफायर बसवलेला असतो आणि तिथल्या जमिनीचा धागा त्या वायरीच्या जाळीतून सेटटॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून रिसिव्हरमध्ये येतो. या दोन जमिनी एकसारख्या नसतात, त्यांच्यात किंचित फरक असतो. आणि या दोघींना जोडणारा पूल कोणता? तुमची नवी वायर. तिच्या जाळीतून ५० हर्ट्झचा बारीकसा करंट वाहत राहतो आणि सब ५० आणि १०० हर्ट्झचं काहीही दिसलं की ते इमानेइतबारे मोठं करून ऐकवतो. त्याचा तो धंदाच आहे. सब टीव्हीजवळ होता तेव्हा दोघेही बहुधा एकाच बोर्डावर होते, वायर दोन मीटरची होती, म्हणून हा त्रास कळला नाही.

हे ताडून पाहायला अर्धा तास आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड लागेल. सब चालू ठेवून त्याच्या मागची ऑडिओची वायर उपटा. शांत झाला तर सब स्वतः निर्दोष आहे. (वायर फक्त रिसिव्हरच्या टोकाला काढून ऐकू नका. उघडं टोक अँटेनासारखं वागतं, आवाज वाढतो आणि आपण भलत्याच निष्कर्षाला येतो.) मग वायर परत लावा आणि सबचा प्लग सोफ्याजवळून काढून एक्स्टेन्शन बोर्डाने टीव्हीच्याच बोर्डात लावा. फरक पडला तर दोन बोर्डांच्या अर्थिंगचं भांडण आहे. नाही पडला, तर सेटटॉप बॉक्समधून केबलवाल्याची वायर फिरवून बाहेर काढा. ती निघताक्षणी 'घूं' विझला, तर चोर सापडला. माझी पैज या वायरीवर आहे.

चोर तोच निघाला तर दोन उपाय आहेत. केबलच्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो, सिग्नल जाऊ देतो आणि जाळीचा धातूचा संबंध तोडतो. पण तुमच्याकडे केबल नसून डिश असेल तर तो त्या वायरीत घालू नका. सेटटॉप बॉक्स त्याच वायरीतून छतावरच्या एलएनबीला, म्हणजे डिशपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, तो रस्ता बंद झाला की चित्रच जाईल. अशा वेळी टीव्ही ते रिसिव्हर हा दुवा एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल वायरीने करा. ती प्लॅस्टिकची, तिच्यातून प्रकाश जातो, करंट जाऊच शकत नाही. साध्या डॉल्बी ५.१ ला ती पुरते, डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या अॅटमॉसला पुरत नाही. तुमचा सेट ५.१ चाच आहे, तेव्हा फार काही गमवाल असं नाही.

भांडण दोन बोर्डांचं निघालं तर वायरमनला बोलवा आणि सोफ्याजवळचा बोर्ड उघडून दाखवायला सांगा. मागाहून वाढवलेल्या पॉइंटमध्ये अर्थिंगचा स्क्रू नुसताच रिकामा असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी हुशारी करून न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगच्या स्क्रूला जोडून ठेवलेला असतो. तसं दिसलं तर सब बाजूला राहू द्या, तो बोर्ड त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. आणि एवढं सगळं करूनही पुरेना, तर ऑडिओच्या वायरीत घालायचा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर असतो. तो घेतलात तर बरा घ्या. गाडीच्या टेपसाठी जे स्वस्तातले छोटे मिळतात त्यांचा गाभा इतका चिमुकला असतो की ते खालचा बेसच गिळतात, मग सब घेतला कशाला!

आता दुकानदाराचं म्हणणं. '५ मीटरच्या वर सिग्नल पडतो' हे वाक्य त्याने कुठल्यातरी दुसऱ्या वायरीबद्दल ऐकलेलं असणार. घरात सबला जाणाऱ्या वायरी दोन जातींच्या असतात आणि त्यांची गणितं अगदी वेगळी आहेत.

तुमचा सब वीज घेतो, म्हणजे अॅम्प्लिफायर त्याच्या आत आहे. रिसिव्हरच्या 'सब आऊट' भोकातून त्याच्याकडे जातो तो नुसता निरोप, ताकद नव्हे. व्होल्टेज असतं, करंट नावापुरता. अशा वायरीत लांबीने काय बिघडतं? वायरीची मधली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक कपॅसिटर तयार होतो आणि तो वरच्या पट्टीचे सूर हळूहळू खातो. साध्या टीव्हीच्या कोअॅक्स वायरीत तो मीटरला ६७ पिकोफॅरडच्या आसपास असतो. १३ मीटरचे (तुमचे ११ आणि टोकांना सैल सोडायचे २) झाले साधारण ८७०. रिसिव्हरच्या आऊटपुटचा अडथळा चांगला हजार ओहम धरला, तरी ही वायर कापायला लागते पावणेदोन लाख हर्ट्झच्या वर. तुमच्या सबला कामच मुळी १२० हर्ट्झच्या खालचं. वटवाघळाला ऐकू येणाऱ्या सुरांनाही धक्का लागणार नाही, मग ढोलाच्या दणक्याला काय लागणार? तेव्हा १३ मीटर निर्धास्त टाका. २० असती तरी मी हेच सांगितलं असतं.

दुसरी जात स्पीकरच्या वायरीची. ज्या सबला विजेचा प्लगच नसतो, एकाच खोक्यात मिळणाऱ्या तयार सेटमधल्या काहींना नसतो, त्याला रिसिव्हरमधून ताकदच न्यावी लागते. तिथे वायरीची जाडी बघावी लागते. ११ मीटरचा पल्ला म्हणजे जाऊन-येऊन २२ मीटर तांबं. सेटसोबत येते तसल्या ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा अडथळा ओहमच्या जवळपास जातो, आणि ४ ओहमच्या सबला ते जाणवतं, पावणेदोन डेसिबलने आवाज उतरतो आणि बेस सैल पडतो. घराच्या वायरिंगची २.५ ची लवचीक तांब्याची वायर घातली तर हाच अडथळा ओहमच्या पाचव्या भागाखाली येतो. ज्या वाचकांचा सब या जातीचा आहे त्यांनी ४,५०० रुपये लांबच ठेवावेत, हार्डवेअरच्या दुकानात जावं. ताई, तुमच्यासाठी हा परिच्छेद नाही.

उशिरा येण्याची काळजी तर सोडूनच द्या. १३ मीटर वायरीतून सिग्नल जायला एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. उशीर होतो तो हवेत. आवाज सेकंदाला ३४३ मीटर चालतो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. तुमचा सब आधी तुमच्यापासून ३ मीटरवर असेल, आता कुशीतच आला, एका मीटरवर. त्याचा आवाज आता ६ मिलिसेकंद लवकर येतोय! म्हणून सब कायमचा तिथे बसला की रिसिव्हरसोबत आलेला माइक सोफ्यावर ठेवून मोजमाप पुन्हा करून घ्या. रिसिव्हर सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल. घाबरू नका आणि हाताने 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळही तो अंतरात धरतो.

मग लांब वायरीत बघायचं काय? जाळी. मघाशी म्हटलं तो चोरटा करंट जाळीतून वाहतो आणि जाळी जितकी किरकोळ, तितका तो सिग्नलमध्ये मिसळतो. व्हीसीडी प्लेयरची ती लाल-पांढरी वायर चिरून पाहिलीत तर कळेल. मधल्या तारेभोवती केसांसारखे दहा-बारा धागे नुसते लपेटलेले असतात. अशा तीन-चार वायरी जोडपिनांनी एकापुढे एक लावल्या की प्रत्येक सांध्यावर जाळी आणखी अशक्त होते. 'घूं'चं मूळ दोन जमिनींत, पण त्याला एवढा आवाज दिला तो या वायरीने. नुसती चांगली अखंड वायर टाकल्यावरच निम्मा त्रास गेला, असंही मी पाहिलंय.

म्हणून मागा आरजी-५९ किंवा आरजी-६ कोअॅक्स, तांब्याच्या दाट जाळीची. दुकानदाराला 'तांब्याची जाळी' हे दोन शब्द ठासून सांगा, नाहीतर तो डिशची नेहमीची वायर देईल. तिच्यात जाळी अॅल्युमिनियमची आणि मधली तार लोखंडाची, वरून तांब्याचा मुलामा. तीही चालते, आमच्या एका शेजाऱ्याकडे वर्षानुवर्षं तीच आहे, पण अॅल्युमिनियमला कथिल धरत नाही, त्यामुळे डाग देता येत नाही. डिशवाले लावतात तशी स्क्रूची पिन आणि तिच्यावर आरसीएचं (तुमच्या लाल-पांढऱ्या वायरीच्या टोकाला असते त्या पिनेचं) टोपण असा जोड करावा लागतो. सीसीटीव्हीची 'थ्री प्लस वन' वायर मात्र नको. तिच्यातली कोअॅक्स काडीएवढी असते. १३ मीटर घ्या, ११ तुमच्या सुतळीचे आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर सैल. ती सैल वायर मशीन पुढे ओढून मागची धूळ काढताना लागते.

टोकांना धातूच्या टोपणाच्या आरसीए पिना डाग देऊन बसवून घ्या. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर वायर, पिना आणि डाग देऊन देणारा, तिन्ही एकाच फेरीत मिळतील. पुण्याच्या वाचकांना तपकीर गल्ली सांगायला नकोच. घरी करायचं तर मुलाला एवढं सांगा. वरचं काळं आवरण दीड सेंटिमीटर सोलायचं, जाळी मागे दुमडून तिची वेणी वळायची, मग पांढरा फेस फक्त अर्धा सेंटिमीटर कापायचा. कथिलाची बंदूक त्या फेसाजवळ फार वेळ धरली की तो वितळतो आणि मधली तार हळूच जाळीला जाऊन टेकते. बाहेरून सगळं झकास दिसतं, सब मात्र मुका. एकच सुटा धागा आत शिरला तरी तेच. मल्टिमीटरवर मधली पिन आणि बाहेरचं टोपण यांच्यात 'टूं' वाजता कामा नये आणि या टोकाच्या टोपणापासून त्या टोकाच्या टोपणापर्यंत वाजलाच पाहिजे. ते पाहिल्याशिवाय वायर भिंतीवर चढवू नका.

हे सगळं नको असेल तर १२ किंवा १५ मीटरची तयार सबवूफर केबल घ्या, हरकत नाही. तीही आतून अशीच कोअॅक्स असते, वर जांभळं-सोनेरी कापड. ४,५०० मात्र देऊ नका. आणि तिच्यावर बाण छापलेला असला तर त्याच्या दिशेवरून घरात वाद घालू नका, सिग्नलला दोन्ही दिशा सारख्याच. दोन तोंडांची वाय वायरही लागत नाही. सबला 'एलएफई' लिहिलेलं भोक असेल तर त्यात लावा, नसेल तर डावीकडच्या भोकात.

वाट तुम्ही निवडली आहे ती ठीक. स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसीची चौकोनी पट्टी, दाराला वळसा घालून वर-खाली. चौकटीच्या कोपऱ्यात वायर दुमडू नका, ऐसपैस गोल वळण ठेवा. टीव्हीच्या आणि सोफ्याच्या बोर्डाच्या सरळ रेषेत वर भिंतीत विजेच्या वायरी जात असतात, त्या रेषेला लांबवर समांतर जाऊ नका. ओलांडायची तर काटकोनात ओलांडा. आणि वायरमन म्हणालाच की 'साहेब, विजेच्याच पाइपातून ओढू, दिसणारपण नाही', तर नाही म्हणा. मी एकदा हो म्हटलं होतं, माझ्याच घरी. एसीच्या पाइपातून सबची वायर नेली. त्या उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की सब 'धप्प' करायचा, रात्रभर, दर वीस मिनिटांनी. बायकोने तिसऱ्या रात्री सबचा प्लग काढला आणि पाइपातून वायर मी नंतर चार महिन्यांनी काढली. आवाजाचं सोडा, २३० व्होल्टच्या शेजारी नाजूक आवरणाची वायर एका पाइपात घालणं मुळातच गैर आहे.

वायरलेस किटबद्दल थोडक्यात. चालतात. पण सबला वीज लागतेच, म्हणजे एक वायर राहतेच, आणि किटच्या दोन डब्यांना आणखी दोन प्लग. त्यात थोडा उशीरही होतो, १५ मिलिसेकंद झाला तरी सब ५ मीटर मागे सरकवल्यासारखं. माइकने मोजलं तर रिसिव्हर तो सावरून घेतो. भाड्याचं घर असेल, भिंतीला खिळा ठोकायला बंदी असेल, तर घ्या. साध्या ब्लूटूथच्या डबीच्या नादाला मात्र लागू नका, ती दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज घेते आणि दार आधी आपटलेलं दिसतं, आवाज नंतर येतो. हां, किट घेतल्यावर 'घूं' बंद होतो, कारण वायरीचा पूलच राहत नाही. दुकानदाराने तुम्हाला ते सांगितलं नाही, सांगितलं असतं तर कदाचित विकलं गेलं असतं.

आता जागेबद्दल, कारण पट्टी ठोकण्याआधी याची खात्री करून घ्यायला हवी. तुमच्या मुलाने अंदाजाने जी जागा काढली ती मला पटते. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. एवढ्या लांबीच्या खोलीत ३१ हर्ट्झच्या जवळचा सूर दोन टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मधोमध नाहीसा होतो. तुमचा सोफा आहे तो मधोमध. स्वयंपाकघराचं दार बहुतेक जेवणाच्या टेबलाकडच्या टोकाला असणार. म्हणजे बेस होता, फक्त तो तुमच्या डोक्यावरून जाऊन भांड्यांना भेटत होता. सब जवळ आणल्यावर खोलीच्या मेहरबानीवर न राहता त्याचा आवाज थेट तुमच्यापर्यंत येतो. पुन्हा जवळ असल्यामुळे कमी आवाजात भागतं, बाळाच्या आईला हा सगळ्यात मोठा दिलासा. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून पाठीमागून आलेला स्फोटही पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो. रिसिव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० ठेवा आणि सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर करून विसरून जा.

पण अजून दोन-तीन जागा ऐकून बघा. सुट्टीच्या दुपारी सब चक्क सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. एकाच लयीत बेस असलेलं एखादं गाणं पुन्हापुन्हा लावा आणि जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे रांगत जाऊन, कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे बेस भरीव, पण घुमत नाही, ती जागा. कान त्या जागी आणि सब सोफ्यावर, किंवा उलट, खोलीला दोन्ही सारखंच. हे करताना सासूबाईंना आधी कल्पना द्या. जागा नक्की झाली की सबच्या मागचा शून्य-एकशेऐंशीचा फेजचा खटका एकदा इकडे, एकदा तिकडे करून बघा. ज्या बाजूला ढोल जास्त भरीव वाटेल ती ठेवा. हे कोणीतरी सोफ्यावर बसून सांगायचं असतं, खटक्याजवळ वाकून कळत नाही.

आणि एक. नवी वायर टाकल्यावर सब मध्येच झोपी जायला लागला, तर लगेच वायरीला दोष देऊ नका. 'ऑटो'वर असलेला सब हलका सिग्नल असला की बंद होतो, आणि आता जवळ आल्यामुळे माइकने मोजून रिसिव्हरने सबचा सिग्नल बराच उतरवलेला असेल. सबचं स्वतःचं आवाजाचं बटण थोडं खाली आणा आणि पुन्हा मोजमाप करा. रिसिव्हर मग सिग्नल वर चढवेल आणि सब जागा राहील.

राहता राहिली फुलदाणी. सबच्या वर पितळेची वस्तू ठेवली की बेसच्या एखाद्या सुराला ती वाजू लागू शकते आणि मग घरातले सगळे मिळून टीव्हीत काय खडखडतंय ते शोधत बसतात. खाली जाड फेल्टचा किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा घातला तर खडखड थांबेल. पण पाणी आणि ताजी फुलं नकोत, खाली अॅम्प्लिफायर आहे. चहाचा कपही नको, सोफ्याच्या पाठीशी आहे म्हणून त्यावर कप टेकवायचा मोह होणारच. सासूबाईंना वाळलेल्या गवताच्या तुऱ्यांवर राजी करता आलं तर बघा, आणि सबच्या ज्या बाजूला गोल भोक आहे त्यासमोर काही न ठेवता वीतभर जागा मोकळी सोडा.